मातीकामाची अवजड यंत्रे आणि थोडक्यात टळलेले अपघात

होळी झाली की रब्बीची राने मोकळी होऊ लागतात आणि तेव्हापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंतचा काळ हा महाराष्ट्रात मातीकामाचा हंगाम असतो. बांधबंदिस्ती, शेततळे, विहीर, नाल्याचे खोलीकरण, तलावातील गाळाचा उपसा, जमिनीचे सपाटीकरण ही सर्व कामे याच अवधीत उरकून घ्यावी लागतात. कुदळ, फावडे, घमेले आणि बैलांची केणी यांनी ही कामे करणारी पिढी अजून हयात आहे. परंतु आज बहुतेक गावांत ती यंत्राने होतात.

शेतजमिनीवर मोठी यंत्रे आली ती स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले साखळीपट्ट्यांचे ट्रॅक्टर हाताशी घेऊन केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली; पुढे १९४९ साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रसामग्रीसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि कांस गवताने व्यापलेल्या विस्तीर्ण जमिनी या यंत्रांनी मोकळ्या करण्यात आल्या. त्या काळी असे यंत्र गावात येणे ही माणसे जमून पाहण्याची गोष्ट होती. आता तसे राहिलेले नाही. जलयुक्त शिवार अभियान, २०१६ सालची मागेल त्याला शेततळे ही योजना आणि २०१७ सालची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना यांच्या कामांवर खोदाईची यंत्रे गावोगाव पोहोचली. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे आणि पोकलेन या फ्रेंच कंपनीचे नाव आज मराठी बोलीत सामान्य नामे होऊन बसली आहेत. चाकांचे ते जेसीबी आणि साखळीपट्ट्यांचे ते पोकलेन, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो, असाच व्यवहार आहे व या लेखातही तोच पाळला आहे.

यंत्र ओळखीचे झाले की त्याचे भय कमी होते. भय कमी होण्यास हरकत नाही. परंतु त्याबरोबर सावधपणाही कमी होतो, हे मात्र जिवावर बेतणारे आहे.

मोठा अपघात झाला की त्याची वार्ता सर्वदूर पोहोचते. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळई चढविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस माणसे मृत्युमुखी पडली. ती बातमी देशभर गेली. पण ज्या दिवशी यंत्र कलंडता कलंडता थांबते, बादलीचे टोक तारेपासून वीतभर अंतरावरून निघून जाते, किंवा मागे येणाऱ्या पट्ट्याखालून एखादा मजूर ऐन वेळी ओढला जातो, त्या दिवसाची नोंद कोठेच होत नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो प्रसंग रंगवून सांगितला जातो, ऐकणारे नवल करतात, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा त्याच जागी उभे राहते. अमेरिकेतील विमा व्यवसायातील हाइनरिक या गृहस्थाने १९३१ साली कारखान्यांतील अपघातांवर ग्रंथ लिहून असे मांडले होते की, एका गंभीर अपघातामागे एकोणतीस किरकोळ इजांचे आणि तीनशे बिनइजेचे प्रसंग असतात. या आकड्यांवर पुढील अभ्यासकांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत व ते योग्यही आहेत. तथापि टळलेला अपघात हा झालेल्या अपघाताचाच भाऊ होय, हे त्यांतील म्हणणे मातीकामावर काढलेल्या कोणाही चालकास पटेल.

शेतातील कामात आणखी एक अडचण आहे. सडकेच्या वा धरणाच्या कामावर अभियंता असतो, मातीची परीक्षा झालेली असते. शेतात यंत्र येते ते ताशी भाड्याने. चालक बहुधा परजिल्ह्यातील, कित्येकदा परप्रांतातील असतो. त्या रानात त्याने पूर्वी पाऊल टाकलेले नसते. कोठे पाझर आहे, कोठे जुनी विहीर बुजविली आहे, तारेला उन्हाळ्यात किती झोळ पडतो, हे सर्व शेताच्या मालकाला ठाऊक असते. आणि मालक बांधावर उभा राहून घड्याळाकडे पाहत असतो. ज्याच्याजवळ माहिती आहे तो खाली आणि ज्याला ती हवी तो वर केबिनमध्ये, मध्ये इंजिनाचा आवाज. पुढे वर्णिलेले बहुतेक प्रसंग या एका अंतरातून उद्भवतात.

काठाची माती

काळ्या जमिनीत शेततळे खोदताना येणारा प्रसंग सर्वांत नेहमीचा होय. वर दीड-दोन मीटर काळी माती व खाली मुरूम अशी जमीन असते. ही माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. म्हणून चैत्र-वैशाखात तिला हाताचा पंजा सहज जाईल अशा भेगा पडतात. उभा काठ कापला की तो दिसावयास भिंतीसारखा ताठ दिसतो आणि चालकाचा त्यावर विश्वास बसतो. वस्तुतः त्या भिंतीच्या मागील अंगास, काठापासून दोन-तीन हात आत, भेगेने आधीच काप घेतलेला असतो. वळवाची एक सर येऊन भेगेत पाणी उतरले की काम पुरे होते. तीन मीटर लांब, दीड मीटर खोल आणि एक मीटर रुंद एवढाच तुकडा सुटला असे धरले, तरी घनमीटरला दीड ते पावणेदोन टन या हिशेबाने तो सात-आठ टन भरतो. म्हणजे काठावर उभ्या असलेल्या जेसीबीचे जेवढे वजन, जवळजवळ तेवढेच!

प्रसंग बहुधा दिवस मावळताना येतो. तळ्याचा शेवटचा कोपरा राहिलेला असतो. यंत्र उद्या सकाळी दुसऱ्या गावी जावयाचे असते. म्हणून चालक ते काठाच्या आणखी जवळ घेतो, मागील दोन्ही जॅक टेकवितो आणि हात लांबवून तळातील मुरूम उचलतो. आता यंत्राचा मोठा भार पाटाएवढ्या दोन पोलादी पायांवर आला आहे. भरलेली बादली वर येत असता एका अंगाचा पाय हळूच खाली बसतो. आवाज काही होत नाही. केबिनमधील पाण्याची बाटली घरंगळत एका कडेला जाते, समोरचा बांध तिरपा दिसू लागतो, आणि चालकाच्या ध्यानात येते की बांध जागच्या जागी असून तिरपे झालो आहोत ते आपण.

या क्षणी मनुष्याच्या मनात दोन गोष्टी येतात आणि त्या दोन्ही चुकीच्या असतात. पहिली, बादली झपाट्याने वर घेऊन बाहेर निघण्याची. भरलेली बादली वर गेली की यंत्राचा भारमध्य आणखी वर व बाहेर सरकतो आणि कलंडणे लवकर होते. दुसरी, दार उघडून उडी मारण्याची. यंत्र ज्या अंगाला झुकलेले असते त्याच अंगाला मनुष्य घसरतो, आणि केबिनचा सांगाडा त्याच्यावर येतो. यंत्र उलटून दगावलेल्या चालकांत बाहेर फेकला गेलेला किंवा उडी मारलेला मनुष्य चेंगरला जाणे हे प्रमुख कारण आढळते. केबिनची मजबूत चौकट ही यंत्र उलटले तरी आत बसलेल्यास जागा राहावी म्हणूनच बसविलेली असते. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखालील मृत्यू पुढील काळात फार घटले. परंतु चौकटीचा उपयोग आत राहणाऱ्यालाच होतो आणि आत राहण्यासाठी कमरेचा पट्टा बांधलेला असावा लागतो. खोदाईच्या कामावर तो बसण्याच्या गादीखाली दुमडून ठेवलेला पुष्कळदा दिसतो. पट्ट्याने धुळीचा शर्ट मळतो, ही त्यावरची तक्रार असते!

अनुभवी चालक अशा वेळी बादली खाली, खड्ड्याच्या तळावर टेकवितो. टेकलेली बादली हा यंत्राचा तिसरा पाय होतो. मग घाईने काहीही न हलविता, हातावर भार घेऊन, बसलेला पाय थोडा थोडा मोकळा करून यंत्र सावरले जाते. सावरले नाही, तर यंत्र तसेच टेकलेले ठेवून, कलण्याच्या विरुद्ध अंगाने उतरावे व बाहेरून मदत आणावी. ताशी भाडे बुडाले तरी चालेल.

हा प्रसंग येऊच नये म्हणून करावयाच्या गोष्टी फारशा कठीण नाहीत. काळ्या जमिनीत काठ उभा न कापता एक मीटर खोलीस दीड मीटर याप्रमाणे उतार देतच खाली जावे. तळ्याच्या टिकाऊपणासाठीही तो लागतोच. निघालेली माती काठाला न टाकता दीड मीटर किंवा खोदाईच्या निम्म्या खोलीइतकी, यांत जे अधिक असेल तेवढी, दूर टाकावी. पोकलेन काठावर उभे करताना त्याचे पट्टे काठाला काटकोनात असावेत. ते काठाला समांतर असतील आणि माती सुटू लागली, तर यंत्राला सरळ मागे हटताच येत नाही. वळण्यासाठी एक पट्टा फिरविला की सुटणारी माती त्याच क्षणी सुटते.

बुलडोझरने भराव लोटतानाचा धोका याच जातीचा आहे. पात्यापुढील ढीग कड्यावरून खाली ढकलून देण्याचा मोह होतो. पाते कड्याबाहेर गेले की पुढील पट्टे ताज्या, न दबलेल्या मातीवर येतात. जुने चालक शेवटचा ढीग कड्यावर तसाच ठेवतात व पुढच्या खेपेच्या मातीने तो लोटतात. पाते आणि कडा यांच्यामध्ये माती राहिली पाहिजे, एवढीच त्यातील युक्ती. पण तिने कित्येकांना घरी सुखरूप पोहोचविले आहे.

काठ नसतानाही जमीन पोकळ असू शकते. जुन्या गावठाणाच्या पांढरीत धान्य साठविण्याची पेवे असत. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच होती. निकामी झालेल्या पेवाचे तोंड मातीने झाकले जाते, वर बाभळ उगवते, आणि खाली पोकळी तशीच राहते. बुजविलेल्या विहिरीचीही तीच गत. ज्या विहिरीत नुसता कचरा, कडबा व वर चार गाड्या माती टाकली गेली, तिच्यावर बैलजोडी वर्षानुवर्षे चालते, पण पोकलेन चालत नाही. गावातील वृद्ध माणसास अशा जागा ठाऊक असतात. त्याला विचारण्यास पाच मिनिटे लागतात.

तलावातील वरचा थर

तलावाचा गाळ उपसताना धोका निराळ्या रीतीने येतो. एप्रिलमध्ये तलावाचे पोट कोरडे, भेगाळलेले, फरशी घातल्यासारखे दिसते. त्या खपलीखाली हातभर अंतरावर गाळ अजून ओला व मऊ असू शकतो. वीस टनांचे पोकलेन त्यावर चालते व सर्वांचा धीर वाढतो. मागाहून आलेला टिपर मात्र आसापर्यंत रुततो, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटते. कारण साधे आहे. पोकलेनचा भार रुंद पट्ट्यांवर पसरल्याने त्याचा जमिनीवरील दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपासच भरतो. चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली येणारा दाबही त्याच मानाचा असतो. भरलेल्या टिपरच्या चाकाखाली तो सहा-सात किलोपर्यंत जातो. म्हणून "पोकलेन गेले, आता काहीही जाईल" हा तर्क खरा नव्हे.

तशात पोकलेनही खोदू लागले की त्याचा भार सारखा पसरलेला राहत नाही. बादली गाळात ओढताना पट्ट्यांची पुढील टोके दाबली जातात, इंजिनाच्या थरथराटाने खालचे पाणी वर येते, आणि कोरडा दिसणारा पृष्ठभाग दुलईसारखा हलू लागतो. जमीन हलताना दिसणे ही शेवटची सूचना होय. येथे घाबरून पट्टे जोराने फिरविले तर यंत्र स्वतःचीच कबर खणते. पट्टे थांबवावेत, हात लांब करून बादली टणक जागी रोवावी व हाताच्या ओढीने यंत्र हळूहळू मागे आणावे. पट्ट्यांखाली बाभळीचे ओंडके घालता आले तर उत्तम. यंत्र येण्यापूर्वी मालकाने किंवा ग्रामपंचायतीच्या माणसाने पहार घेऊन दहा-दहा पावलांवर ठोकून पाहावी. पहार आपल्या वजनाने आत जाऊ लागली तर तेथे यंत्र नेऊ नये. काठाकडून मागे सरत सरत काम करावे.

टिपरची आणखी एक खोड येथेच सांगितली पाहिजे. ओला गाळ पत्र्याला चिकटतो. पाठ उचलली की एका बाजूचा गाळ घसरतो, दुसऱ्या बाजूचा वरच लटकून राहतो, आणि पाच-सहा मीटर उंच उचललेला हौदा एकीकडे ओढला जातो. नव्या बांधावर, जेथे एका बाजूची चाके भरावावर असतात, तेथे एवढे पुरते. अशा वेळी गाळ पाडण्यासाठी गाडी मागेपुढे हिसकावणारा चालक आणि फावडे घेऊन हौद्याजवळ उभा राहणारा मजूर, दोघेही दैवाच्या हवाली असतात.

डोक्यावरची तार

शेतातून गेलेली अकरा हजार व्होल्टची वाहिनी साधारण साडेचार-पाच मीटर उंचीवर असते; झोळ पडलेला असल्यास त्याहूनही खाली. जेसीबीचा मागील हात पूर्ण उचलला तर पाच मीटरांपलीकडे जातो, वीस टनी पोकलेनचा नऊ मीटरांच्या घरात. जमिनीकडे नजर लावून खोदणाऱ्या चालकाला आपल्या यंत्राचे टोक आकाशात कोठे आहे हे त्या क्षणी दिसत नाही. त्यातून शेतकरी स्वतः न कळत धोका वाढवितो तो असा की, तळ्याची माती तारेखालच्या मोकळ्या पट्ट्यात टाकावयास सांगतो, कारण तेथे नाहीतरी झाड लावता येत नाही. दोन मीटर उंचीचा बांध झाला की तार दोन मीटर खाली आली असेच समजावे. पहिल्या दिवशी सुरक्षित असलेले काम तिसऱ्या दिवशी प्राणघातक होते, आणि तार मात्र हललेली नसते.

तार यंत्राला लागली, तर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला बहुधा काही होत नाही. कारण त्याच्या भोवतीचे सर्व पोलाद एकाच दाबाखाली असते. मरतो तो खाली उभा असलेला मदतनीस, ज्याचा हात यंत्राच्या पत्र्यावर आणि पाय जमिनीवर असतात. किंवा चालकाला ओढून काढण्यासाठी धावत आलेला मालक. टायर रबराचे आहेत म्हणून यंत्र सुरक्षित, ही समजूत या दाबाच्या विजेपुढे खोटी आहे. उलट तापलेले टायर काही वेळाने फुटण्याचा धोका असतो.

चालकाने आपल्या जागी बसून राहावे, ओरडून सर्वांना दूर करावे आणि शक्य असल्यास हात खाली घेऊन किंवा यंत्र चालवून तारेपासून सुटका करून घ्यावी. ठिणगी बंद झाली म्हणजे वीज गेली असे नव्हे; उपकेंद्रातील बटण काही सेकंदांनी आपोआप पुन्हा पडू शकते. महावितरणला कळवून तार बंद केल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. विजेच्या तक्रारीचा १९१२ हा क्रमांक प्रत्येकाजवळ असावा. यंत्राने पेट घेतला तरच उतरावे, आणि तेही शिडीवरून पाय खाली ठेवून नव्हे. दोन्ही पाय जुळवून, यंत्राला कोठेही स्पर्श न करता, दूर उडी मारावी व पाय जुळलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारीत दहा मीटर तरी जावे. कारण तारेतील वीज जमिनीत उतरून चोहोकडे पसरत असते. लांब पाऊल टाकले तर दोन पावलांतील दाबाचा फरक शरीरातून वाहतो. गाई-बैल अशा ठिकाणी माणसाआधी दगावतात ते याच कारणाने, त्यांच्या पुढल्या व मागल्या पायांत अंतर अधिक असते.

काम सुरू होण्यापूर्वी तारेच्या दोन्ही बाजूंस काही अंतरावर बांबू रोवून त्यांना रंगीत चिंध्यांची दोरी बांधावी, आणि त्या दोरीच्या आत हात उचलू नये. तारेखाली काम करणे अटळच असेल तर वीज बंद करवून घ्यावी. एक मनुष्य केवळ तारेकडे पाहण्यासाठी उभा करावा. त्याने माती ओढू नये, हिशेब लिहू नये, काही करू नये.

यंत्राची पाठ

पोकलेन वळते तेव्हा पुढील हाताकडे सर्वांचे लक्ष असते. मागील अंगाचा लोखंडी तोल तितक्याच वेगाने उलट दिशेस फिरतो हे ध्यानात येत नाही. तो तोल आणि मातीचा काठ यांच्या फटीतून वाट काढणारा मनुष्य हे दृश्य प्रत्येक कामावर एकदा तरी दिसते. दुपारची गोष्ट त्याहून वाईट. माळरानावर झाड नसते; जेवण झालेला मजूर यंत्राच्या सावलीत, पट्ट्याला टेकून, डोक्याखाली टॉवेल घेऊन आडवा होतो. चालक दुसऱ्या बाजूने चढतो व किल्ली फिरवितो. अशा वेळी कोणी ओरडले म्हणून, किंवा कुत्रे भुंकले म्हणून, प्राण वाचल्याच्या कथा ऐकू येतात. कुत्र्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा चालकाने चढण्यापूर्वी यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि किल्ली फिरविण्याआधी दोनदा भोंगा वाजवावा. सुट्टीच्या दिवसांत मुले यंत्र पाहावयास हमखास येतात. त्यांना हाकलून ती जात नाहीत, हाही सर्वांचा अनुभव आहे. त्यासाठी घरातील एका जाणत्या माणसास बांधावर त्यांच्यापाशीच बसविणे बरे.

ओढून काढताना

रुतलेले जेसीबी ट्रॅक्टरने ओढून काढण्याच्या कामी मूळ रुतण्यापेक्षा अधिक भय आहे. पोलादी दोर ताणला जातो तेव्हा त्यात साठलेला जोर डोळ्यांना दिसत नाही. तो तुटला की चाबकासारखा परततो. दोराच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर सर्वांनी उभे राहावे, दोराच्या रेषेत कोणीही नसावे, आणि ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नये. ट्रॅक्टरचा दोर खालच्या ओढदांडीलाच बांधावा. तो आसाच्या वर बांधला आणि मागील चाके रुतून अडली, तर ट्रॅक्टर स्वतःच्या आसाभोवती फिरून पुढचे तोंड वर घेतो. पूर्ण उलटण्यास त्याला दीड सेकंदच लागतो. तेवढ्यात क्लच दाबणे कोणाला साधत नाही.

तेलाची धार

यंत्राचा हात ज्या तेलाच्या जोरावर चालतो त्याचा दाब घरच्या नळाच्या पाण्याच्या दाबाहून शंभरपटीच्या जवळपास असतो. रबरी नळीला सुईएवढे छिद्र पडले तर बाहेर येणारी धार डोळ्यांना धुक्यासारखी भासते. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी नळीवरून बोट फिरविणे ही मेकॅनिकांची जुनी सवय. आणि ती धार कातडे भेदून आत जाते. दुखते मुंगी चावल्यासारखे. रक्तही फारसे येत नाही. मनुष्य बोट पुसून कामाला लागतो, आणि रात्री हात सुजू लागतो तेव्हा आतील मांस मरू लागलेले असते. बोट किंवा हात काढावा लागण्यापर्यंत गोष्ट जाते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. तेल आत गेल्याचा नुसता संशय आला तरी त्याच तासात मोठ्या रुग्णालयात जावे, १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, आणि डॉक्टरांना दाबाखालील तेल कातड्याआत गेले आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर वरून दिसणाऱ्या टाचणीएवढ्या छिद्रावर मलमपट्टी होऊन मनुष्य परत पाठविला जाण्याचा संभव असतो.

उचललेल्या बादलीखाली बसून नळी सोडणे हाही याच प्रकारातील अविचार होय. नळी सुटली की हाताला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. बादली जमिनीवर टेकवूनच दुरुस्तीस हात घालावा. लोडरचा हात वरच ठेवणे भाग असेल तर त्याचा लोखंडी टेका बसवावा.

पाळी बदलताना

हंगामात यंत्र दिवसरात्र चालते आणि चालक बदलतात. रात्रीच्या चालकाचा जॅक बसला, त्याने यंत्र सावरले, पहाटे तो निजावयास गेला. सकाळचा चालक येतो तेव्हा त्याला दिसते ती नुसती खोदलेली माती. काठावरची भेग पहाटेच्या वाऱ्याने धुळीने भरून गेलेली असते. रात्रीचा प्रसंग त्याला कळतो तो दुपारी चहाच्या वेळी, आणि तोपर्यंत त्याचे यंत्र त्या भेगेवर चार तास उभे असते.

यासाठी शेतकरी बंधूंनी काम सुरू होण्यापूर्वी चालकाबरोबर रानातून एक फेरी मारावी आणि नव्या चालकाच्या वेळी ती पुन्हा मारावी. बुजविलेली विहीर, पाण्याची नळवाट, विजेची केबल, पाझराची जागा पायाने दाखवावी. हाताने दुरून दाखविलेली जागा केबिनमधून ओळखत नाही. विहिरीच्या कामात पूर्वी सुरुंग लावले असतील आणि एखादा फसला असल्याची शंका असेल, तर ती जागा सुरुंगवाल्याकडून मोकळी करून घेतल्याखेरीज तेथे ब्रेकर लावू देऊ नये. आणि ज्या ठिकाणी यंत्राचा पाय बसला, पट्टा घसरला किंवा माती सुटली, तेथे त्याच वेळी, रात्र असली तरी, लाल फडके बांधलेली काठी रोवावी. ती रोवण्याचे काम ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने करावे. खोदाई संपून उतार घातला जाईपर्यंत ती काठी कोणी उपटू नये.